सोलवटलेला गुडघा: आधी नळ, मग स्प्रे

खो-खोत सूर मारल्याशिवाय गडी हाती लागत नाही, आणि मुरमाच्या मैदानावर सूर मारला की कोपर-गुडघे सोलवटणारच. मी शाळकरी मुलामुलींना शिकवते, त्यामुळे पिशवीत शिट्टीसोबत अँटिबायोटिक स्प्रे कायम असतो. फुस्स केलं की काम झालं, असं पोरांना वाटतं. पण माती आत ठेवून मारलेला स्प्रे मातीवरच बसतो.

म्हणून आधी नळ. आपले हात साबणाने धुवायचे आणि जखम पाच मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायची. पोरगं अर्ध्या मिनिटातच 'झालं बाई' म्हणतं, ऐकायचं नाही. साबण जखमेच्या भोवती लावा, आत नको. मुरमाचे बारीक खडे कातडीत रुतून बसतात. ते ओल्या गॉजने हलकेच पुसायचे, नाही निघाले तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढायचे. आत राहिले तर जखम भरल्यावरही काळपट-निळा डाग राहतो, गोंदल्यासारखा. खोल रुतलेला खडा मात्र उकरत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि डेटॉल पाणी न घालता ओतायचं नाही. त्याने चांगली कातडीही भाजते.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा. 'थांबलं का' म्हणून मध्ये उचललं की नुकती धरलेली गुठळी निघते. एवढं करूनही थांबलं नाही, किंवा जखमेच्या कडा फाकल्या असतील, तर टाके लागतील.

आता स्प्रे. भोवतालची कातडी टिपून घ्या, डबा हलवा, वीतभर अंतरावरून एक पातळ थर मारा. पुटं चढवायची नाहीत. तोंडावर कधीच नाही. तिथं बोटाने मलम लावा. जवळ गॅस, उदबत्ती, काडेपेटी नको, कारण बरेच स्प्रे पेट घेतात.

यातल्या कित्येक औषधांत निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक असतं आणि काहींना ते सोसत नाही. जखमेभोवती लाली येते, खाज सुटते, पुरळ उठतं. घरच्यांना वाटतं जखम चिघळली, आणि ते आणखी स्प्रे मारतात! अशा वेळी औषध बंद करून डॉक्टरांना दाखवा.

खरं तर नीट धुतलेल्या साध्या खरचटण्याला व्हॅसलीन आणि पट्टी पुरते. मी स्प्रे बाळगते तो जखमेला हात न लावता मारता येतो म्हणून.

पट्टी रोज बदला. चिकटली तर आधी भिजवा. 'हवा लागू दे, सुकेल' हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण 1962 मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की झाकलेली, ओलसर जखम लवकर भरते. हळद, कॉफी, चुना यांतलं काही भरू नका. दगडीपाल्याचा रसही नको. पाला मैदानाच्या कडेचा, त्यावर काय काय पडलेलं असतं!

धनुर्वाताचं इंजेक्शन दर खरचटण्याला लागत नाही. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, त्याची नोंद जपून ठेवा. जखम मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील, तर डॉक्टरांना विचारा. पू, ताप, वर सरकणारी लाल रेघ दिसली किंवा मधुमेह असेल तर घरी थांबू नका.

कुत्र्या-मांजराचा ओरखडा असेल तर हा सगळा क्रम सोडा. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, पट्टी बांधू नका आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.