नाशिकच्या तिन्ही ऋतूंत टिकणारे कुत्र्याचे लाकडी घर

कुत्र्यासाठी घर करायचे ठरले की आपण आधी छपराचा विचार करतो, कारण पाऊस वरून पडताना दिसतो. प्रत्यक्षात लाकडी घर कुजते ते खालून. मखमलाबादच्या बाजूला आमचे अंगण काळ्या मातीचे आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर मी आमच्या लाली या गावठी कुत्रीसाठी पहिले घर पॅकिंगच्या फळ्यांचे केले आणि ते थेट जमिनीवर ठेवले. गणपती येईपर्यंत फळ्यांची खालची टोके काळी पडून मऊ झाली होती आणि लाली आत जाणे सोडून ओट्याच्या कोपऱ्यात झोपू लागली होती. दुसरे घर करताना मी जे बदलले तेच येथे सविस्तर सांगत आहे. त्या घराने आता सहा पावसाळे काढले आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी कुत्र्याचे माप घ्यावे. बाजारात तयार घरे लहान, मध्यम आणि मोठे अशा नावांनी मिळतात, पण कुत्र्याचे अंग त्या नावांत बसतेच असे नाही. मोजपट्टी पाहिली की लाली दर वेळी खाली बसत असे. शेवटी तिला भाकरीचा तुकडा दाखवून भिंतीशेजारी उभे केले, खांद्याच्या आणि डोक्याच्या उंचीवर भिंतीवर खडूने खुणा केल्या आणि नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी सुतळीने घेतली. खांद्यापर्यंत २१ इंच, डोक्यापर्यंत २६ इंच, लांबी ३० इंच आणि छातीची रुंदी ८ इंच भरली. आतली लांबी कुत्र्याच्या लांबीच्या सव्वापट आणि आतली उंची डोक्याच्या उंचीच्या सव्वापट धरावी; रुंदी इतकी असावी की कुत्र्याला आत उभ्याने वळता येईल आणि अंग मुडपून निजता येईल. या हिशेबाने आमच्या घराची आतली लांबी ३८ इंच, रुंदी २७ इंच, पुढची उंची ३२ इंच आणि मागची २८ इंच आली. याहून मोठे घर करण्याचा मोह आवरावा. घर ऐसपैस असले म्हणजे कुत्रा सुखी, अशी आपली समजूत असते. पण थंडीत कुत्र्याला ऊब मिळते ती स्वतःच्याच अंगाची, आणि घरात रिकामी जागा जास्त असेल तर ती टिकत नाही. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा किती उतरतो हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. पिल्लासाठी घर करायचे असेल तर पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे माप धरावे आणि तोवर आत एक फळी आडवी लावून जागा कमी करावी.

लाकडाबद्दल माझे मत अनुभवाने बदललेले आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत येणाऱ्या मालाच्या पाईनच्या पेट्या आणि पॅलेट भंगारात स्वस्त मिळतात आणि नवख्या हाताला ते लाकूड कापायला सोपेही जाते. ते वापरायचे असेल तर लाकडावर जाळून उमटवलेला शिक्का पाहावा. एच. टी. असे असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले असते आणि ते घेण्यास हरकत नाही; एम. बी. असे असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते आणि चावण्याची सवय असलेल्या जनावराजवळ ते नसावे. परंतु फळ्यांच्या भिंतीचा खरा दोष वेगळाच आहे. दोन फळ्यांमध्ये सांध असते, आणि कुत्र्याच्या अंगावरून पोट भरून उतरलेली गोचिडीची मादी अशाच सांधीत शिरून अंडी घालते. एका मादीची अंडी हजारांच्या घरात असतात. आमच्या पहिल्या घराची एक फळी उचकटली तेव्हा तिच्या कडेला तपकिरी मोहरीसारख्या दाण्यांचे पुंजके चिकटलेले होते. कुत्रीला औषध लावले तरी चार आठवड्यांत गोचीड पुन्हा का दिसते, याचे उत्तर त्या सांधीत होते. म्हणून भिंती आणि छपरासाठी मी आता १२ मिलिमीटरचे मरीन प्लाय वापरतो. सांगाड्यासाठी दीड इंच चौकोनी सागाच्या पट्ट्या वखारीतून कापून आणाव्यात. नवा साग परवडत नसेल तर जुन्या दाराच्या चौकटीचा मिळतो आणि तो चांगला मुरलेला असतो. द्राक्षबागांमध्ये फवारणीच्या औषधाचे रिकामे ड्रम आडवे करून कुत्र्याला निवारा म्हणून दिलेले मी पाहिले आहेत. हेतू चांगला असला तरी ते कितीही धुतले तरी सुरक्षित होत नाहीत.

वरील मापाच्या घराला ८ बाय ४ फुटांची १२ मिलिमीटरची दोन प्लाय पुरतात, आणि तळासाठी १८ मिलिमीटर प्लायचा ३८ बाय २७ इंचांचा तुकडा निघेल एवढा उरलेला माल दुकानातून मागून घ्यावा. पहिल्या प्लायमधून ४७ बाय ४१ इंचांचे छप्पर आणि ३९ बाय ३४ इंचांची पुढची भिंत निघते. दुसऱ्यातून ३९ बाय ३० इंचांची मागची भिंत आणि दोन बाजू निघतात. बाजूंची रुंदी २७ इंच, पुढची कड ३४ इंच आणि मागची ३० इंच. भिंतीची उंची आतल्या उंचीपेक्षा दोन इंचांनी जास्त का धरली, हे नीट लक्षात घ्यावे. भिंती तळावर उभ्या करायच्या नाहीत. त्या तळाच्या कडेबाहेरून खाली उतरवायच्या आणि तळाच्या खाली सुमारे एक इंच लोंबू द्यायच्या. भिंत तळावर उभी असेल तर भिंतीवरून ओघळणारे पाणी सांध्यात शिरून आतले अंथरूण भिजवते. भिंत खाली उतरलेली असेल तर तेच पाणी कडेवरून थेंबाथेंबाने बाहेर गळून जाते.

कापणी दुकानातल्या यंत्रावर करून घेतली तर कडा सरळ येतात आणि घरी फक्त दार कापायचे उरते. दार पुढच्या भिंतीच्या मध्यावर नको, एका बाजूला असावे, म्हणजे दुसऱ्या बाजूचा कोपरा वाऱ्यापासून आडोशाला राहतो आणि कुत्रा तिथेच निजतो. दाराची रुंदी छातीपेक्षा चार इंच जास्त, म्हणजे १२ इंच, आणि उंची १७ ते १८ इंच पुरते. कुत्रा मान खाली घालून सहज आत जातो, त्यामुळे दार खांद्याच्या उंचीपेक्षा कमी असले तरी अडचण येत नाही. तळापासून चार इंचांचा उंबरा ठेवावा. त्याने अंथरूण बाहेर येत नाही आणि उडालेले पाणी आत येत नाही. दाराच्या चारही कोपऱ्यांना गिरमिटाने भोके पाडून मग करवत चालवावी आणि कडा पॉलिश पेपरने इतक्या घासाव्यात की हाताचा तळवा फिरवला तर कुठेही टोचणार नाही.

जोडणी तळापासून सुरू करावी. तळाच्या तुकड्याखाली २ बाय ३ इंचांच्या तीन आडव्या पट्ट्या, ३ इंचांची बाजू उभी ठेवून, स्क्रूने बसवाव्यात. चारही कोपऱ्यांत सागाच्या पट्ट्या उभ्या करून गुण्या लावून काटकोन तपासावा. येथे पाव इंच चुकले तर छप्पर बसवताना ती चूक दुप्पट होऊन समोर येते. त्यानंतर आधी बाजूच्या भिंती आणि मग पुढची-मागची, या क्रमाने प्लाय बाहेरून लावावे. खिळे वापरू नयेत. आपल्याकडे लाकूड पावसाळ्यात फुगते आणि एप्रिलमध्ये आकसते, आणि अशा दोन-तीन फेऱ्यांत खिळा सैल होऊन त्याचे डोके वर येते. गंज न धरणारे स्टीलचे स्क्रू घ्यावेत, भिंतींसाठी सव्वा इंची आणि तळासाठी दीड इंची, आणि स्क्रू पिळण्यापूर्वी बारीक भोक पाडावे, नाहीतर सागाची पट्टी टोकाशी चिरते. प्रत्येक सांध्यात पाण्यात न सुटणारा लाकडाचा गोंद भरावा आणि आतून सांध बुजवून घ्यावी, कारण गोचिडीला पुरेल एवढी फट मागे ठेवायची नाही.

प्लायच्या कापलेल्या कडा हे सर्वांत नाजूक ठिकाण आहे. दर्शनी पृष्ठावर रंग टिकतो, परंतु कडेला थरांची उघडी टोके असतात आणि ती टिपकागदासारखी पाणी ओढतात. दिसणाऱ्या कडांना लाकडाची बारीक लिपिंग पट्टी लावावी आणि खाली लोंबणाऱ्या कडांना जोडणीपूर्वीच प्रायमरचे तीन हात द्यावेत, कारण नंतर तेथे ब्रश पोहोचत नाही. बाहेरून फिकट रंगाचे ऑइल पेंटचे दोन हात पुरतात. गडद रंग दिसायला छान दिसला तरी उन्हात घर तापवतो. आतून रंग देऊ नये, जवसाचे कच्चे तेल फडक्याने चोळावे. बेलतेल, म्हणजे जवसाचेच उकळलेले तेल, लवकर वाळते, पण त्यात वाळवण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असू शकतात आणि कुत्रा लाकूड चाटतो, म्हणून मी ते टाळतो. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते दोरीवर पसरून पूर्ण वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. वाळवीचे औषध आतल्या बाजूला कधीही लावू नये. सगळे वाळून वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे किमान दोन आठवडे, कुत्र्याला आत घेऊ नये.

छप्पर उताराचे आणि उघडता येणारे असावे. पुढून मागे चार इंचांचा उतार नाशिक शहराच्या पावसाला पुरतो. त्र्यंबक आणि इगतपुरीकडे पाऊस कितीतरी पट जास्त असतो, तेथे उतार दुप्पट करावा. छपराचे प्लाय पुढे आठ इंच आणि बाकी तीन बाजूंना चार इंच बाहेर येते, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. नुसत्या प्लायवर पत्रा ठोकला तर मे महिन्यात दुपारी घराची भट्टी होते. म्हणून प्लायवर एक इंच जाडीच्या तीन पट्ट्या उताराच्या दिशेने लावून त्यावर ४ बाय साडेतीन फुटांचा पत्रा बसवावा. प्लाय आणि पत्रा यांच्यामधून हवा खेळते आणि पत्र्याची उष्णता खाली उतरत नाही. या पोकळीच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावायला विसरू नये. आमच्याकडे पहिल्याच उन्हाळ्यात तेथे गांधीलमाश्यांनी पोळे धरले होते. पत्र्याच्या धारदार कडा दुमडून घ्याव्यात. छप्पर मागच्या भिंतीला दोन बिजागऱ्यांनी जोडावे आणि पुढे दोन्ही बाजूंना कडी लावावी, कारण वळवाच्या वाऱ्यात सैल छप्पर उडून जाते. छप्पर उघडले की आत ऊन जाते, झाडू पोहोचतो आणि कोपरे डोळ्यांनी तपासता येतात. पुढच्या भिंतीत, छपराच्या लगत, एक इंच व्यासाची दोन भोके ठेवावीत, नाहीतर थंडीच्या रात्री श्वासाची वाफ आत साचून अंथरूण दमट होते.

आता जागा. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून घराची पाठ पश्चिमेला आणि दार पूर्वेला ठेवावे. हिवाळ्यात सकाळचे कोवळे ऊन थेट दारात येते, हा त्याचा दुसरा लाभ. दुपारनंतर झाडाची सावली मिळाली तर उत्तमच; आमचे घर आंब्याखाली आहे. चार कोपऱ्यांखाली विटांचे लहान पाये करून त्यांवर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवावेत आणि घर त्यांवर टेकवावे. काळ्या मातीत विटा एकसारख्या राहत नाहीत, म्हणून आधी वीतभर माती काढून तेथे मुरूम धुमसून घ्यावा. लोंबत्या भिंतीच्या कडेपासून जमीन किमान सहा इंच खाली असावी आणि तळाखालून झाडू आरपार फिरावा. ही जागा अडगळीने भरली की जूनच्या पहिल्या पावसात तेथे विंचू येतात, आणि मळ्याकडच्या वस्तीत सापही. घर ओट्यावरून दिसेल असे ठेवावे; माणसांपासून दूर, कुंपणाच्या टोकाला ठेवलेल्या घरात कुत्रा जात नाही.

अंथरूण ऋतूप्रमाणे बदलावे लागते. थंडीत भाताचा कोरडा पेंढा सर्वांत चांगला, कारण कुत्रा त्यात उकरून आपल्या अंगाएवढा खळगा करतो आणि नाक शेपटीखाली घालून निजतो. जुनी गोधडी मायेने घातली जाते, पण पावसाळ्यात ती ओल धरते आणि आठवडाभर वाळत नाही. तेव्हा गोणपाटाच्या दोन घड्या आलटून पालटून वापराव्यात. मे महिन्यात आत काहीही घालू नये. त्या दिवसांत दुपारी लाली आंब्याखालच्या ओल्या मातीत पडून राहते आणि घरात फिरकत नाही, आणि तेच योग्य आहे. सावली आणि पाण्याचे भांडे तेव्हा घरापेक्षा महत्त्वाचे असते.

घर तयार झाले म्हणून कुत्र्याला त्याच्या शेजारी साखळीने बांधून ठेवू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी काळ आणि अवाजवी आखूड साखळीने बांधणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे, हे गुन्हे धरले आहेत. पहिल्या दिवशी आत ढकलूही नये. कुत्र्याचे नेहमीचे फडके आत ठेवावे, दारात खाऊ ठेवावा आणि बाजूला व्हावे. लाली पहिले तीन दिवस नुसते डोके आत घालून वास घेत होती. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि ती आपण होऊन आत गेली.

वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मृग लागण्यापूर्वी, छप्पर उघडून घर दिवसभर उन्हात तापू द्यावे, कोपरे कडक पाण्याने धुवावेत, स्क्रू पुन्हा आवळावेत आणि खालच्या कडांवर बोटाने दाबून पाहावे. जेथे बोट किंचित आत जाईल तेथला रंग खरवडून, लाकूड पूर्ण वाळवून, प्रायमर आणि रंग नव्याने द्यावा. हे काम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये, कारण वळवाची एखादी सर आली की उघडे लाकूड भिजते आणि ते पुन्हा वाळेपर्यंत पावसाळा दारात आलेला असतो.