लेझरच्या केसला पहिल्यांदा उभे राहणार असाल तर

बारावी सायन्स, मग बीपीएमटी कार्डिओलॉजी (हृदयविभागातल्या टेक्निशियनची पदवी) आणि मग नागपुरात रामदासपेठेतली एक कॅथलॅब, म्हणजे नळी घालून हृदयाच्या आर्टरी तपासतात आणि मोकळ्या करतात ती खोली, असा माझा रस्ता. आर्टरीतला ब्लॉक लेझरने मोकळा करायची केस लागली की नवी पोरं हटकून विचारतात, "सर, किरण दिसते का?" नाही दिसत. 308 नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश आहे तो, दिसणार कुठून? डोळा मात्र बिघडवू शकतो. म्हणून लेझरचे गॉगल सगळ्यांना, टेबलावरच्या पेशंटलाही. रोजचा चष्मा आहे म्हणून चालत नाही. दारावर पाटी लावायची, काचा झाकायच्या.

आधी एक गैरसमज काढून टाका. लेझरने ब्लॉक 'जाळत' नाहीत. 1980 च्या दशकात सुरुवातीला जे अखंड किरणांचे लेझर वापरले, त्यांनी आजूबाजूची आर्टरीही भाजायची. आताचा एक्सायमर लेझर तुटक झटक्यांत चालतो आणि जेमतेम 50 मायक्रॉन आत शिरतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ब्लॉकमधले बंध तुटतात, बारीक बुडबुडे होतात, त्यांच्या दाबाने तो सुटा होतो. इतकं समजलं तरी नातेवाइकांशी बोलताना अडखळणार नाही. काटोलकडचे एक काका मला म्हणाले होते, "बाबू, लेझर मारल्यावर स्टेंट तर नाई ना टाकत?" टाकावा लागतो बहुतेक वेळा, निदान आर्टरी रुंद करायला फुगा तरी फुगवावा लागतोच. लेझर फक्त वाट करून देतो. हे त्यांना केसच्या आधीच सांगितलेलं बरं.

ही केस रोज येत नाही, महिनोन्‌महिने मशीनवर कव्हर असतं. जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा ब्लॉक झाला, गुठळी फार आहे, किंवा वाट दाखवणारी बारीक वायर ब्लॉकमधून पार झाली पण फुगाच जात नाही, अशा वेळी डॉक्टर लेझर मागवतात. लेझरचं कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, 0.9 ते 2 मिलिमीटरचं, आणि ते नेहमीच्या 0.014 इंची वायरवरूनच सरकतं. रोटाब्लेशनला (फिरत्या टोकाने ब्लॉक घासायची पद्धत) स्वतःची वेगळी वायर लागते, ती अशा जागी नेताना घाम फुटतो. दगडासारखं कॅल्शियम असेल तर मात्र एकट्या लेझरवर भिस्त ठेवू नये.

मशीन आधीच सुरू करून ठेवा, गरम व्हायला पाचेक मिनिटं लागतात आणि डॉक्टरांना तेवढा धीर नसतो. कॅथेटरचं टोक मशीनच्या सेन्सरसमोर धरून कॅलिब्रेट करायचं. त्यात काचेचे बारीक तंतू असतात, गुंडाळताना मुडपलं तर गेलं.

खरं काम सलाईनचं. लेझर सुरू असताना आर्टरीत रक्तही नको आणि डायही (एक्स-रेत आर्टरी दिसावी म्हणून सोडतात ते औषध) नको. दोन्ही ही ऊर्जा शोषतात, मग बुडबुडे मोठे होतात आणि आर्टरी चिरू शकते. म्हणून पेडल दाबण्याच्या आधीपासून सलाईन सोडायचं, सेकंदाला दोन-तीन मिली, हात न थांबवता. साधारण पाच सेकंद लेझर, दहा सेकंद थांबा. कॅथेटर सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे जात नाही. बघणाऱ्याला कंटाळा येतो.

माझी दुसरीच केस होती. मॅनिफोल्ड (सलाईन, डाय आणि प्रेशरच्या नळ्या जोडायची तोट्यांची पट्टी) धुतलं असं मी छातीठोक सांगितलं आणि फ्लश सुरू केला. डॉक्टरांचा पाय पेडलवर होता, नजर स्क्रीनवर. सलाईन जात असताना आर्टरी दिसायला नको, पण स्क्रीनवर ती फिकट काळी उमटली. पाय वर आला. "अरे, डाय आहे अजून! काय देऊन राहिला तू?" मी थंडगार. सिरिंज, मॅनिफोल्ड, वाटी, सगळं बदललं आणि पहिल्यापासून सुरू केलं. पेशंटला काही झालं नाही, पण दुपारी डबा उघडला तरी घास उतरेना.

घोळ असा की डायही पाण्यासारखाच नितळ असतो. त्या दिवसापासून सिरिंजवर लेबल असल्याशिवाय मी हातात घेत नाही, आणि डायची वाटी टेबलावरून आधी उठवतो.

बाकी लेड अ‍ॅप्रन, थायरॉइड शील्ड, टीएलडी बॅज (अंगावर किती एक्स-रे पडले ते मोजणारा) रोजचेच, गॉगल आहे म्हणून ते सुटत नाहीत. मे महिन्यात एसी दमला की अ‍ॅप्रनखाली काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. लेझर शिकायची घाई करू नका. आधी ईसीजी आणि प्रेशरचा आलेख वाचता आला पाहिजे. कॅथेटर आर्टरीच्या तोंडात अडकून आलेख चपटा झाला, तर तो सगळ्यात आधी तुम्हाला दिसायला हवा.

आमच्याकडे कोणी नवं रुजू झालं की मी दोन वाट्या ठेवतो. परवा एक मुलगी आली, तिने नुसतं बघून सांगायचा प्रयत्न केला आणि चुकली. मग ग्लोव्हजवर एकेक थेंब घेऊन चिमटीत चोळला.

"ही चिकट आहे सर. पाकासारखी."

"मग ही कोणती?"

"डाय."

"उचल टेबलावरून."