फी पालकांची, तास मुलांचा

"मॅडम, त्याला जरा समजावून सांगा."

किशोरवयीन मुलांसाठी लाइफ कोचिंग, म्हणजे सल्ला न देता प्रश्न विचारून त्यांना स्वतःची वाट शोधायला मदत, करायला लागलात की बहुतेक फोन याच वाक्याने सुरू होतील. कधी "तिचं मोबाइलचं वेड सोडवा", कधी "इंजिनिअरिंग नको म्हणतोय, बघा काय ते". फोन आईचा नाहीतर बाबांचा, पैसे त्यांचे, अपेक्षाही त्यांच्याच. आणि समोर येऊन बसणार सोळा वर्षांचा मुलगा, ज्याने तुम्हाला बोलावलेलंच नाही. समजावून तर त्याला बाबांनी, मामांनी आणि क्लासच्या सरांनी आधीच सांगितलेलं असतं. त्या रांगेत चौथे म्हणून उभे राहिलात तर दुसऱ्या भेटीला तो येत नाही, किंवा येतो आणि तासभर "हो, चालेल" म्हणत बसतो. मी पुण्यात कॉलेजात शिकवता शिकवता या कामाकडे वळले. नव्याने येऊ पाहणारे जे प्रश्न विचारतात, त्यांवरून हे लिहिते आहे.

आधी शिक्षणाचं. आपल्याकडे स्वतःला लाइफ कोच म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही. शनिवार-रविवारी कोर्स करून सोमवारी कार्डं छापणारे लोक आहेत. त्यातल्या त्यात जगभर चालणारी प्रमाणपत्रं इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची, म्हणजे आयसीएफची. पहिली पायरी एसीसी, तिला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं. पुढची पीसीसी, १२५ आणि ५०० तासांची. या प्रशिक्षणाचा मोठा फायदा म्हणजे जिभेवर आलेला सल्ला गिळायची सवय लागते. पण त्याची बरीचशी रचना मोठ्या माणसांसाठी, तीही बहुधा कंपन्यांमधल्या, केलेली असते. वयात येताना झोपेचं चक्रच उशिराकडे सरकतं, म्हणून रात्री बाराला टक्क जागा असलेला मुलगा सकाळी सहाच्या क्लासला पेंगतो, हे ठाऊक नसलेला कोच त्याला आळशी ठरवून मोकळा होतो.

म्हणून मानसशास्त्राचा पाया हवाच. नोकरी सांभाळून इग्नूतून एम.ए. करा, असा सल्ला तुम्हाला अजूनही मिळेल. तो जुना झाला. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवणं थांबवायला सांगितलं आहे. आता वर्गात बसूनच शिकावं लागेल, आणि माझ्या मते ते बरंच झालं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका, म्हणजे तिचा मानसशास्त्र विभाग, आणि ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, या दोन ठिकाणी मराठी घरांतल्या मुलांबरोबरच्या कामाचा मोठा अनुभव साठलेला आहे. त्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारसरणीही जरूर अभ्यासा. 'पंच्याण्णव मिळायलाच हवेत' हा हट्ट आणि 'मिळाले तर फार बरं' ही इच्छा यांत किती अंतर आहे, हे दहावीच्या मुलीशी बोलताना रोज उपयोगी पडतं. एवढं सगळं शिकूनही तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. निदान करणं, उपचार करणं आपलं काम नव्हे.

आता पहिली भेट. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

मी आधी तिघांना एकत्र बसवते. आईबाबांनी काय हवं ते मुलाच्या समोरच सांगायचं. फोनवर आधी तासभर त्याच्याविरुद्धचा खटला ऐकून घ्यायचा नाही. मग त्यांना बाहेर पाठवून मुलाला विचारते, "आईबाबांना काय हवंय ते ऐकलं. तुला यातलं काही हवंय का? की तुला भलतंच काही हवंय?" पुष्कळदा उत्तर "माहीत नाही" असं येतं. ते खरं असतं, त्यामुळे त्यावर तुटून पडू नका. एका बारावीच्या मुलाने खूप वेळाने सांगितलं, "बाबांनी गाडीत प्रश्न विचारणं थांबवावं, एवढंच." तिथून काम सुरू झालं. नीटचा विषय फार पुढे निघाला.

शेवटी पुन्हा सगळे एकत्र, आणि एका कागदावर करार. इथे जे बोललं जाईल ते इथेच राहील. मार्क, मित्र, मैत्रीण, क्लास बुडवणं, यातलं काहीही मी आईबाबांना सांगणार नाही. जिवाला धोका असेल, कोणी त्रास देत असेल किंवा कायद्याने सांगणं भाग असेल, तर सांगेन, आणि आधी मुलाला कल्पना देऊन सांगेन. कायद्याचा भाग गुळमुळीत ठेवू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळली तर ती पोलिसांना देणं कोणत्याही व्यक्तीवर बंधनकारक आहे. न दिल्यास शिक्षा आहे. दोघांच्या मर्जीने झालं असेल तरी अठराच्या आतल्यांना कायदा सूट देत नाही. हे मुलाला बोलायच्या आधी माहीत असलं पाहिजे. त्याने विश्वासाने सांगून टाकल्यावर नियम काढून दाखवणं हा दगा आहे.

करारावर सगळ्यांच्या सह्या झाल्या तरी रात्री साडेदहाला आईचा मेसेज येतोच, "आज काय म्हणाली?" त्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. "तिलाच विचारा, आणि नाही सांगितलं तर राहू द्या." काही आया रागावतात. एका बाबांनी "मग आम्ही पैसे कशाचे भरतो?" असं स्पष्ट विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायची तयारी ठेवा, कारण तो तुम्हालाही विचारला जाणार आहे.

जागेचंही सांगते. अल्पवयीन मुलाबरोबर बंद घरात एकट्याने बसू नका. दाराला काच असलेली खोली आणि बाहेर कोणीतरी मोठं माणूस, हे तुमच्या आणि मुलाच्या दोघांच्याही हिताचं. खुर्च्या समोरासमोर नकोत, जरा तिरक्या ठेवा. नजरेला नजर द्यावी लागली नाही की मुलं जास्त बोलतात.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतींत मला सर्वांत उपयोगी पडली ती विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांच्या मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगमधली, म्हणजे बदलायची इच्छा समोरच्याच्याच तोंडून बाहेर काढणाऱ्या संवादातली. मुलाला विचारायचं, "हे बदलणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?" तो चार म्हणाला की आपली स्वाभाविक धाव "दहा का नाही?" कडे जाते. तसं विचारलंत की तो न बदलण्याची कारणं सांगत बसतो. विचारायचं उलट : "चार? मग एक का नाही?" आता बदलायची कारणं त्याच्याच तोंडून येतात. प्रश्न साधा दिसतो, पण सवयीचा व्हायला वेळ लागतो. आरशासमोर सराव करा म्हटलं तर लोक हसतात. करा तरीही.

वीस-पंचविशीतल्यांचं गणित वेगळं. बीड-परभणीहून येऊन नवी पेठेत खोली करून राहिलेली, अभ्यासिका आणि मेस यांमध्ये फिरणारी एमपीएससीची मुलं स्वतःहून येतात, फी कमी करून मागतात, आणि मला "ताई" म्हणतात. त्यांची अडचण मेहनतीची नसते, थांबायचं कधी याची असते. राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं, त्यामुळे बाहेरून थांबवणारं कोणी नाही. नीटचंही तेच, प्रयत्नांना मर्यादा नाही. जेईई ॲडव्हान्स्डसारखी लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच प्रयत्नांची अट असती तर निर्णय परीक्षेनेच घेतला असता. इथे कोचने "सोड" म्हणायचं नाही आणि "लढ" पण म्हणायचं नाही. थांबायची तारीख, तोपर्यंतचा खर्च आणि त्या तारखेनंतर काय करायचं, हे त्याच्याकडून त्याच्याच अक्षरात लिहून घ्यायचं आणि घरी कोणाला दाखवणार ते विचारायचं. घरी दाखवायची पायरी सर्वांत अवघड जाते.

पालकांना आकडे मात्र बिनधास्त सांगा. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखसुद्धा नव्हत्या. "मनावर घेतलं की होतं" असं म्हणणारे बाबा यावर थोडे गप्प होतात. पालकांसाठी वेगळा तास ठेवा, त्याची वेगळी फी घ्या, आणि त्यांना घरचं काम द्या. माझं नेहमीचं काम म्हणजे आठवडाभर जेवणाच्या ताटावर अभ्यासाचा विषय काढायचा नाही. पहिले काही दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज येतो, कारण बोलायला दुसरं काही उरलेलंच नसतं. मग कोणीतरी आयपीएलबद्दल बोलतं. आजी असेल तर लवकर फरक पडतो.

काही मुलं आपल्या हातची नसतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा जेवण बिघडलेलं, आवडीच्या गोष्टींतून मन उडालेलं, हातावर वार, "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी भाषा, यातलं काही दिसलं तर कोचिंग बाजूला ठेवा. "मरायचा विचार येतो का?" असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मुलाला एकटं सोडू नका, पालकांना त्याच दिवशी बोलवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन मराठीतही रात्रंदिवस चालते. नंबर तुमच्या भिंतीवर असू द्या. काम सुरू करण्याआधीच एक मानसोपचारतज्ज्ञ, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि तुमच्या केसेस ऐकून कान उपटणारं एक अनुभवी माणूस शोधून ठेवा.

मुलाचा फोटो, त्याचे मार्क, "मॅडममुळे माझा मुलगा बदलला" वगैरे इन्स्टावर टाकू नका, पालकांनी आनंदाने परवानगी दिली तरी. पंचविसाव्या वर्षी त्याला ते वाचायला लागेल.

पैशाचं शेवटी. काम हंगामी आहे. मे-जूनमध्ये निकाल आणि प्रवेशांमुळे फोन थांबत नाही, बोर्डाच्या परीक्षा चालू असताना शुकशुकाट. सुरुवातीची काही वर्षं दुसरी मिळकत ठेवा. मी कॉलेजातले तास सोडले नव्हते. खोलीचं भाडं याच मुलांच्या फीतून निघणार असेल, तर "आता तुला यायची गरज नाही" हे वाक्य वेळेवर तोंडातून निघत नाही.