नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा नेण्याआधी भाव कसा वाचावा

"कळमन्यात भाव पडला" एवढं ऐकून तोड थांबवू नका, आणि "भाव चढला" ऐकून मजूरही बोलावू नका. नुसत्या भावावरून काही कळत नाही, सोबत आवक बघावी लागते.

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. तिथला दर क्विंटलचा, बाजारातली बोली टनाची. तिथले 2,500 म्हणजे इथले 25,000. कमाल दर एखाद्या निवडक ढिगाचा असतो, त्यावर हिशेब केला की फसगत ठरलेली. सर्वसाधारण दर घ्या आणि सात दिवसांची आवक व दर वहीत शेजारी-शेजारी मांडा. सुट्टीनंतरचा पहिला दिवस धरू नका, साठलेला माल एकदम उतरलेला असतो.

आवक वाढून भाव उतरला तर तो मालाचा दाब. आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा) माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, तेव्हा हे होणारच. आवक ओसरली की भाव सावरतो. आवक वाढूनही भाव टिकला किंवा चढला तर मागणी दमदार आहे, थांबण्यात अर्थ नाही. खरी धोक्याची खूण वेगळीच: आवक कमी आणि तरीही भाव उतरता. म्हणजे गिऱ्हाईकच हटलंय. बांगलादेशाने 2019 नंतर आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा दोन्ही बाजूंनी फटका बसला: तिकडचा खरेदीदार मागे सरला आणि तिकडे जाणारा माल देशातल्या बाजारांवर आला. अशा वेळी आठवडाभर थांबून भाव परत येत नाही.

संत्र्यात उतार इतका जोरात का येतो? झाडावरचं फळ या हंगामात कमी करता येत नाही, जास्त दिवस टिकतही नाही. मग सगळा भार भावावर. उलट चांगला भाव पाहून केलेली लागवड चार-पाच वर्षांनी फळाला येते, तीही सगळ्यांची एकदमच.

थांबायचं असेल तर आकडा काढा. समजा 10 टन माल, भाव 25,000. आज 2,50,000 रुपये. आठवड्यात फळगळ आणि घट मिळून 5 टक्के गेले तर उरले 9.5 टन. तेवढेच पैसे यायला भाव किमान 26,316 हवा, राखणीचा खर्च वेगळा. एवढी चढ वहीत दिसत नसेल तर तोडा.

तोडणी, भाडं, हमाली वजा करून हातात काय उरतं ते बघा. प्रतवारी घरीच करा. चुरी, म्हणजे बारीक फळ, मोठ्या फळांत मिसळली की व्यापारी अख्ख्या ढिगाची बोली चुरीच्या हिशेबाने लावतो. फळांची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, 2016 पासून खरेदीदाराने द्यायची आहे. पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत) ती तुमच्या नावावर कापलेली दिसली तर तिथेच विचारा.

बाग झाडावरच ठोक द्यायची असेल तर भाव पडण्याची जोखीम व्यापाऱ्याकडे जाते, पण कागदावरच. बाजार उतरला की तो तोड लांबवतो, नाहीतर चुरी सोडून देतो. म्हणून इसार भरीव घ्या, तोडीची शेवटची तारीख लिहून घ्या आणि उरलेली रक्कम गाडी बागेतून निघण्याआधी.