फळमाशी : सापळ्याचा डबा भरला म्हणून खुश होऊ नका, आधी खालची फळं उचला

आभाळ येतंय, हवा दमट झालीय, एक सर पडून गेली की जमिनीतल्या कोषातून माश्या निघणार म्हणजे निघणारच, तेव्हा आंबा-पेरूवाल्यांनो बाकीची कामं उद्या, हे आज.

दरवर्षी तेच बघतोय. सापळे लावलेत, डबे भरलेत, फोटो काढून ग्रुपवर टाकलेत, आणि झाडाखाली गळालेली फळं तशीच सडतायत. अहो, त्या डब्यात सगळे नर असतात! सापळ्यातलं वासाचं आमिष म्हणजे मिथाईल युजेनॉल, जे तुळशीच्या तेलातही असतं, ते नराला वेड लावतं, मादीला नाही. जिचं मीलन आधीच झालंय ती मादी डब्याकडे ढुंकूनही न बघता फळात अंडी घालते, एक-दोन दिवसात अळी, फळ गळतं, अळी बाहेर पडून मातीत दोनेक इंच खाली कोषात जाते आणि साधारण दहा-बारा दिवसात नवी माशी वर. तुम्ही वर नर मोजताय, खाली नवी पिढी तयार होतेय.

म्हणून गळालेलं फळ दिवसाआड उचला. दोन फूट खोल पुरा, नाहीतर जाड काळ्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे उन्हात टाका. बांधावर फेकू नका, खतात टाकू नका, तिथून माशी परत बागेतच येते.

सापळ्याचं थोडक्यात:
- एकरी 4, फळं पिकायच्या दीड-दोन महिने आधी
- 5-6 फूट उंच, सावलीत
- अल्कोहोल 60 मिली, मिथाईल युजेनॉल 40, मॅलॅथिऑन (कीटकनाशक) 10 : प्लायवूडचे ठोकळे 48 तास भिजवा, हातमोजे घालून
- ठोकळा 6-8 आठवड्यांनी बदला
- तारेला ग्रीस, मुंग्या येत नाहीत
- झाडाखालची माती वरवर हलवा

औषध डब्याबाहेर, फांदीवर सांडू देऊ नका. मिथाईल युजेनॉल खाऊन जिवंत सुटलेला नर माद्यांना जास्त आवडतो, म्हणजे विष नसलेला ठोकळा लावणं हा माशीचा पाहुणचार झाला.

दुकानदार महागडी फवारणी गळ्यात मारतील. अळी फळाच्या आत बसलीय, वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत जातच नाही. आणि काकडी, कारलं, दोडक्याला हाच ल्युअर, म्हणजे आमिष, देत असतील तर घेऊ नका, वेलवर्गीय पिकांवरची माशी वेगळी, तिला क्यू-ल्युअर नावाचं दुसरं आमिष लागतं. यात फसलेले बरेच बघितलेत.

1960 च्या दशकात पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर याच मिथाईल युजेनॉलने नर संपवून फळमाशी पार घालवली होती, पण ते अख्खं बेट होतं, चहूकडे समुद्र. तुमच्या बांधापलीकडे शेजाऱ्याची बाग आहे, त्यालाही आजच सांगा.

माझा आपला अंदाज, कुठल्या पुस्तकात नाही : दाट सावलीच्या कोपऱ्यातल्या झाडांना माशी आधी लागते. उचलायला तिथून सुरुवात करा.