पुठ्ठ्याच्या मागावर शब्द साठवायचा: ०-१ चं विणकाम

विणकामात मुळात दोनच गोष्टी होतात, आडवा दोरा उभ्या दोऱ्याच्या वरून जातो नाहीतर खालून, म्हणजे वर = १ आणि खाली = ० धरलं की झालं. जकार्ड या फ्रेंच विणकराने बनवलेल्या मागावर भोकं पाडलेली कार्डं हेच ठरवायची, कुठला ताणा (उभा दोरा) उचलायचा आणि कुठला नाही, आणि १८३९ मध्ये खुद्द जकार्डचं रेशमी चित्र विणायला अशी २४,००० कार्डं लागली होती. तेवढा पसारा आपल्याला नकोय. आपण फक्त 'माग' हा शब्द विणू, तीन ओळींत होतो.

आधी कोड. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणारी यादी) देवनागरीला १२८ जागांचा सलग पट्टा आहे, आणि १२८ म्हणजे बरोब्बर ७ बिट (बिट म्हणजे एक ० किंवा १), त्यामुळे प्रत्येक चिन्हाला त्या पट्ट्यातला नंबर दिला की काम भागतं (० पासून मोजायचं). म = ४६, काना = ६२, ग = २३. हो, कान्याला वेगळी ओळ लागते, आणि 'ज्ञ' घेतलात तर ज, हलन्त, ञ अशा तीन ओळी जातात, म्हणून पहिल्यांदा जोडाक्षरं टाळा. बायनरीत, म्हणजे नुसत्या ०-१ मध्ये लिहिलं की हे असं:

म – ०१०१११० ०
काना – ०१११११० १
ग – ००१०१११ ०

शेवटचा आठवा आकडा तपासणीचा, त्याला पॅरिटी म्हणतात. ओळीतले एकूण १ सम व्हायला हवेत, कान्यात पाच आहेत म्हणून तिथे आणखी एक लावला. एखादा दोरा चुकून खालचा वर झाला तर बेरीज विषम येते आणि चूक लगेच कळते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या कॉम्प्युटरची कायमची मेमरी पण बायकांनी सुईने तारा ओवून बनवली होती, तार चुंबकीय कड्यातून गेली तर १, बाहेरून गेली तर ०, आणि तिथेही १५ बिटांमागे १ पॅरिटीचा होता.

आता माग. कडक पुठ्ठा घ्या, वर-खाली १२-१२ खाचा पाडा, दोन खाचांत अर्धा सेंटीमीटर पुरे, आणि पांढरा सुती दोरा उभा गुंडाळा. हा ताणा, बेताचा घट्ट ठेवा, फार ओढलात तर पुठ्ठा वाकतो. मधले ८ दोरे डेटाचे, दोन्ही कडांचे दोन-दोन नुसते काठाचे, त्यांच्यावर कायम एक वर एक खाली.

डेटाची ओळ गडद निळ्या जाड दोऱ्याने घाला, पण एकाखाली एक नुसत्या डेटाच्या ओळी घालू नका!! कान्यात सलग पाच १ आहेत, म्हणजे निळा दोरा पाच दोऱ्यांवरून सुटा लोंबतो, अशा ओळी लागोपाठ आल्या की कापड धरतच नाही. म्हणून प्रत्येक निळ्या ओळीनंतर बारीक पांढऱ्या दोऱ्याच्या दोन साध्या ओळी (एक वर एक खाली, परत येताना उलट) आणि मग कंगव्याने नीट ठोका.

सुई उजवीकडून निघाली तर आकडेही उजवीकडून वाचायचे, इथे सगळेच चुकतात. आणि विणकाम खालून वर चढतं, त्यामुळे वरून खाली वाचायचं असेल तर आधी ग, मग काना, शेवटी म. मी पहिल्यांदा म पासून सुरू केलं आणि कौतुकाने वाचायला बसले तर निघालं 'गाम'.

आता माझ्या मते सगळ्यात भारी भाग. कापड पालथं केलं की १ चे ० होतात आणि डावं-उजवंही बदलतं. आपला ग (००१०१११०) मागून वाचला तर १०००१०११ येतो, त्यातले पहिले सात म्हणजे ६९, आणि ६९ वर आहे 'बॅट' मधला तो चंद्र! गंमत म्हणजे पॅरिटी इथे काहीच बोलत नाही, कारण आठातले सम १ उलटवले तरी समच राहतात. म्हणून सुलट बाजूला वर डाव्या कोपऱ्यात एक लाल गाठ मारा, फक्त पुढून दिसेल अशी, आणि वाचणाऱ्याला एवढंच सांगा की गाठ समोर आणि डावीकडे वर हवी.

पुठ्ठ्यातून काढताना ताण्याची टोकं दोन-दोन घेऊन गाठवा. आणि निळा दोरा वापरायच्या आधीच एकदा गरम पाण्यात बुडवून बघा, रंग सुटून पांढऱ्यात उतरला तर ० कुठला आणि १ कुठला ते तुम्हालाही कळणार नाही.