कचरा मोजताय? या चुका टाळा

उसाच्या काट्यावर वजन कमी भरलं की आमच्याकडे माणसं रस्त्यावर उतरतात. काटामारी हा शब्द कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तीच माणसं कचऱ्याचा आकडा लिहायला बसली की अंदाजाने 'रोज इतके टन' असं लिहून मोकळी होतात. मी बरीच वर्षं कचऱ्याची मोजणी करतोय, कॉलेजच्या मुलांना आणि गावोगावच्या कर्मचाऱ्यांना ती शिकवतोय, आणि दर वर्षी त्याच त्या चुका बघून आता खरोखर वैतागलोय. कारण त्या गावापुरत्या राहत नाहीत. गावाचा आकडा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो, तिथून केंद्रीय मंडळाकडे. देशाचा आकडा म्हणजे अशाच हजारो वह्यांची बेरीज.

खेपा गुणिले गाडीची क्षमता

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. गाडी दीड टनाची, खेपा चार, म्हणून कचरा सहा टन. वहीत रोज सहा टन, वर्षभर सहा टन, दिवाळीतही सहा टन. असा सरळ रेषेतला आकडा दिसला की समजायचं, काट्यावर कुणी गेलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावाची वही माझ्याकडे आली, ती नेमकी अशीच होती. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "सर, गाडी भरली म्हंजे दीड टन. आमी कायम असंच लिवतो." त्याची चूक नव्हती, त्याला तसंच सांगितलं होतं. गुळाच्या गाड्या जिथं मोजतात त्याच काट्यावर आम्ही ती घंटागाडी नेली. एप्रिलचा कोरडा दिवस. निव्वळ वजन भरलं ६९० किलो. निम्म्याहूनही कमी. जुलैत तीच गाडी, तीच गल्ली, तितकाच भरलेला हौदा, आणि वजन ९८० किलो. लोकांनी कचरा जास्त केला नव्हता, तो भिजला होता. आपल्याकडच्या कचऱ्यात मुळात ओला भाग जास्त, त्यात कोल्हापूरचा पाऊस. म्हणून उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत प्रत्येकी सलग सात दिवस काट्यावर गेल्याशिवाय मी कुणालाही वर्षाचा आकडा काढू देत नाही. "सर, तीन दिवसांत होत नाही का?" असं विचारणारे दर वर्षी भेटतात. नाही होत. घाई असेल तर दुसरा विषय घ्या.

काट्यावर आणखी एक गोष्ट दिसली. भरलेली गाडी काट्यावर चढली तेव्हा केबिनमध्ये आणि मागे मिळून चौघं बसलेले. रिकामी चढली तेव्हा एकटा ड्रायव्हर. तीन माणसांचं वजन कचऱ्यात धरलं गेलं होतं. तेव्हापासून दोन्ही वेळा ड्रायव्हरसकट सगळ्यांना खाली उतरवतो. रिकाम्या गाडीचं वजनही आरसी बुकातलं घेत नाही, रोज नव्याने करतो, कारण हौद्याच्या तळाला चिकटलेला चिखल रोज सारखा नसतो.

मागे लटकलेली पोती

त्याच घंटागाडीच्या मागच्या फाळक्याला तीन पोती बांधलेली होती. एकात पाण्याच्या बाटल्या, एकात पुठ्ठा, तिसऱ्यात दुधाच्या पिशव्या. गाडीवरची माणसं गल्लीतून जाताजाताच हे वेगळं काढतात आणि डेपोच्या आधी भंगारवाल्याकडे उतरवतात. त्यामुळे हा माल डेपोच्या काट्यावर कधी चढतच नाही. आम्ही तो ताणकाट्याला अडकवला तर एका खेपेत ३८ किलो निघाला.

आता विचार करा. हे ३८ किलो कचरा म्हणून नोंदले गेले नाहीत आणि पुनर्वापराला गेले म्हणूनही नोंदले गेले नाहीत. घरोघरी रद्दी, लोखंड, बाटल्या विकत घेणारे तर पालिकेच्या गाडीच्या वाटेलाच जात नाहीत. पुनर्वापराची खरी साखळी हीच माणसं चालवतात आणि मोजणीत त्यांचा रकानाच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून भंगाराच्या दुकानात जाऊन बसा. पहिल्या दिवशी वही काढू नका, चहा घ्या. आपण टॅक्सवाले नाही याची त्यांना खात्री पटली की ते पुठ्ठा किती, कडक प्लास्टिक किती, पत्रा किती हे किलोत सांगतात. त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा चोख असतो, कारण त्यांचे पैसे त्यावर असतात.

पोती काढून घेऊ नका, फक्त मोजा आणि परत बांधा. ती त्या माणसांची कमाई आहे.

वजाबाकी करून पुनर्वापर काढणे

गोळा केलेल्या कचऱ्यातून डेपोत टाकलेला वजा केला की उरला तो पुनर्वापर, हे गणित मी कितीतरी प्रकल्प अहवालांत खोडलंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२०-२१ चे आकडे पाहा. देशात रोज १,६०,०३८.९ टन कचरा, त्यातला १,५२,७४९.५ टन गोळा झाला, ७९,९५६.३ टनांवर प्रक्रिया झाली, २९,४२७.२ टन भरावभूमीत, म्हणजे कचरा पुरायच्या जागेत, गेला. एकूण कचऱ्यातून उरलेल्या ५०,६५५.४ टनांचा, म्हणजे जवळपास ३२ टक्क्यांचा, हिशेबच लागत नाही. वजाबाकीवाला यातला गोळा झालेला सगळा ढीग पुनर्वापरात घालेल. प्रत्यक्षात तो ओढ्यात गेला असेल, जाळला असेल, भंगारात गेला असेल किंवा मुळात आकडाच फुगवलेला असेल. ज्याचा पत्ता नाही त्यासाठी 'हिशेब लागत नाही' असा वेगळा रकाना ठेवा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरं, सुका कचरा वेगळा गोळा झाला म्हणजे पुनर्वापर झाला असं होत नाही. निवडताना त्यातला मळका, भिजलेला, विकला न जाणारा माल बाजूला पडतोच. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये नियम बदलून माल प्रत्यक्ष पुनर्प्रक्रियेत शिरतो तिथलं वजन धरायचं ठरवलं. मी विद्यार्थ्यांना तेच सांगतो: निवड शेडमधून बाहेर पडलेल्या गाडीची काटा पावती दाखवा. कंपोस्टचं मात्र उलट आहे. पाणी आणि वायू निघून गेल्याने तयार खताचं वजन खूप घटतं, म्हणून तिथे आत गेलेलं वजन धरा आणि खताचं वेगळं लिहा. दोन्ही एकत्र मिळवलंत तर एकच किलो दोनदा मोजला जातो.

माणशी आकडा

केंद्रीय मंडळाच्या त्याच आकड्यांत माणशी रोज ११९ ग्रॅमच्या आसपास कचरा येतो. अमेरिकेचा २०१८ चा आकडा माणशी ४.९ पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोन किलो. मुलं दोन्ही शेजारी ठेवतात आणि निष्कर्ष काढतात. ११९ ग्रॅम कुठून आले ते उलटं भागून पाहा, १३४ कोटी माणसं निघतात. म्हणजे कचरा मुख्यतः शहरांनी कळवलेला आणि भागाकार खेड्यांसकट अख्ख्या देशाने. ज्या माणसांचा कचरा मोजला त्याच माणसांनी भागा.

कोल्हापुरात तर हे आणखी जपून करावं लागतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती, २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरून किती माणूस येतो ते महाद्वार रोडवर उभं राहिलं की दिसतं. नवरात्राच्या आठवड्यातला कचरा घेऊन २०११ च्या लोकसंख्येने भागणारा अहवाल मी न वाचताच परत करतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

अमेरिकेचा टन ९०७ किलोचा, आपला हजार किलोचा. तक्ता उतरवण्याआधी बघून घ्या.

पाच किलोचा नमुना घेऊन शहराची टक्केवारी काढू नका. वर्गीकरणाच्या एका नमुन्याला ९१ ते १३६ किलो कचरा लागतो. ताडपत्रीवर ढीग ओता, फावड्याने चांगला कालवा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकी काढा, पुन्हा कालवा, असं हवा तितका नमुना उरेपर्यंत करा. हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय माझ्या ताडपत्रीवर कुणी पाय ठेवत नाही.

बांधकामाचा राडारोडा घरगुती कचऱ्यात मिसळून मोजू नका. त्याचे नियमच २०१६ पासून वेगळे आहेत, आणि विटांची एक ट्रॉली अख्ख्या प्रभागाचा आकडा बिघडवते.

डेपोतला जुना ढीग उपसून चाळला तर ते काम जुन्या कचऱ्याचं. ते यंदाच्या प्रक्रियेत धरलंत की प्रक्रियेची टक्केवारी शंभराच्या वरही जाऊ शकते आणि तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

पुराचा कचरा वेगळ्या पानावर लिहा. २०१९ च्या महापुरानंतर घराघरांतून भिजलेल्या गाद्या, धान्य, कपाटं, पोरांची वह्या-पुस्तकं रस्त्यावर आली होती. तो कचरा मोजायलाच हवा, पण त्यावर पुराची तारीख टाकून, रोजच्या बेरजेच्या बाहेर.